सुतळी घेऊन या, मग टीव्ही घ्या

दसरा-दिवाळीच्या तोंडावर संपादकांनी टीव्ही खरेदीचे प्रश्न मागवले आणि आलेल्या पत्रांचा गठ्ठा चिपळूणला माझ्या पत्त्यावर पाठवून दिला. आधीच एक सांगून टाकतो. मी टीव्ही विकत नाही, दुरुस्त करतो, १९८४ पासून. म्हणजे तुम्ही कुठला टीव्ही घेतलात याने माझ्या खिशात आज काही पडत नाही. चुकीचा घेतलात तर मात्र दोन वर्षांनी पडतं. तेवढा माझा स्वार्थ लक्षात ठेवून पुढचं वाचा.

प्रश्न : आमचा ३२ इंची टीव्ही बारा वर्षं चालला आणि गणपतीत बंद पडला. घरात आम्ही दोघंच. खोली दहा बाय बारा. संध्याकाळी मालिका, मग बातम्या, सकाळी कीर्तन. केबल आहे. दुकानात गेलो तर तिथला मुलगा म्हणाला, "आता ५५ इंची ४केच घ्या, आजी." आमचं बजेट तीस हजार. पुतण्याच्या घरी तसला मोठा टीव्ही आहे, पण त्यावर आमच्याच मालिका मला उलट धुरकट दिसल्या. माझ्या डोळ्यांचा दोष की टीव्हीचा?
*— निवृत्त शिक्षिका, वाई*

बाई, डोळे तुमचे ठीक आहेत. टीव्हीही ठीक आहे. दोष त्या टीव्हीत जाणाऱ्या चित्राचा आहे, आणि हे दुकानातला मुलगा तुम्हाला सांगणार नाही, कारण त्याच्याकडे भिंतीवरच्या सगळ्या टीव्हींवर पेन ड्राइव्हमधून काश्मीरची फुलं आणि पोपट चालू असतात. मालिका कुणी लावत नाही.

तुम्ही शिक्षिका, तेव्हा आकडे देतो. टीव्हीचं चित्र म्हणजे ठिपके. साध्या केबलच्या बॉक्समधून, म्हणजे ज्याला एसडी म्हणतात त्यातून, एका चित्रात ७२० गुणिले ५७६ ठिपके येतात. सव्वाचार लाखांच्या आत. तुमच्या जुन्या ३२ इंचीवर, तो एचडी रेडी असेल तर, साधारण साडेदहा लाख ठिपक्यांची जागा होती. फुल एचडीवर वीस लाखांच्या वर. आणि ४केवर ३८४० गुणिले २१६०, म्हणजे जवळजवळ ८३ लाख. आता भागाकार करून बघा. केबलवरून आलेल्या एका ठिपक्याला ४के टीव्हीत वीस जागा भरायच्या असतात. वाटीभर आमटीत पाणी घालून वीस पानांना वाढायची, तसलं काम. टीव्हीतली चिप बिचारी अंदाजाने मधले ठिपके भरत जाते. चांगली चिप बरं भरते, स्वस्तातली चिप चेहऱ्यांना साय फासते. पुतण्याकडे तुम्ही पाहिलीत ती साय.

म्हणून माझ्याकडे कुणी सल्ला विचारायला आलं की मी दोन गोष्टी मागतो. एक सुतळी, आणि एक सेटटॉप बॉक्सच्या मागच्या बाजूचा फोटो.

सुतळी अशी : ज्या खुर्चीवर, दिवाणावर बसून टीव्ही बघता तिथे डोक्याशी एक टोक धरायचं, दुसरं टोक टीव्ही असेल त्या भिंतीपर्यंत न्यायचं. तेवढी कापून घ्यायची. तिची लांबी इंचात मोजा. चित्र एचडी किंवा त्याहून चांगलं असेल तर लांबीला दोनाने भागा, येईल तो आकडा म्हणजे तुमच्या टीव्हीचा आरामाचा आकार. सिनेमाचा शौक असेल तर दीडाने भागा. आणि साधं एसडी केबलच बघायचं असेल तर तिनाने. हा नियम कुठे कोरलेला नाही, पण इतकी वर्षं लोकांच्या बैठकीच्या खोल्यांत स्टूल घेऊन उभा राहून माझं असंच मत झालंय.

तुमच्या खोलीत दिवाण भिंतीला असेल तर सुतळी आठ फुटांच्या आसपास भरेल. म्हणजे ९६ इंच. तिनाने भागलं की ३२. दोनाने भागलं की ४८. बघा, ३२ आणि ४८ यांच्यामधला फरक टीव्हीने नाही, केबलच्या बॉक्सने पडला. तेव्हा आधी केबलवाल्याला फोन करा, एचडी बॉक्स आणि तुम्ही बघता त्या चार-पाच वाहिन्या एचडीत घ्यायच्या तर महिन्याला किती जास्त पडतील ते विचारा. परवडत असेल तर ४३ इंची ४के घ्या, तुमच्या बजेटात बसतो. परवडत नसेल, किंवा तुमच्या वाहिन्या एचडीत येतच नसतील, तर पुन्हा ३२च घ्या, उरलेले पैसे आवाजावर घाला. ५५ इंचीचा विषय दोन्हीकडून बाद.

आता तो बॉक्सच्या मागचा फोटो कशाला? आमच्या इथे खेर्डीत एका घरी गेलो होतो. नवा टीव्ही, एचडी बॉक्स, एचडी वाहिन्यांचे पैसे तीन वर्षं भरतायत, आणि तक्रार अशी की चित्र काही मनासारखं नाही. टीव्ही वळवला. मागे लाल, पांढरी, पिवळी अशी तीन तोंडांची जुनी वायर. त्या पिवळ्या वायरीतून एचडी जातच नाही. वर चेहरे आडवे ताणलेले, सगळी पात्रं गुटगुटीत. एचडीएमआयची वायर बॉक्सच्या खोक्यात पिशवीसकट तशीच पडून होती. लावली. घरातल्या आजी म्हणाल्या, "अगंबाई, हिच्या कानात कुड्या आहेत होय!" तीन वर्षं त्या कुड्यांचे पैसे जात होते.

आवाजाचं राहिलं. हल्लीचे टीव्ही पाटासारखे पातळ, त्यामुळे स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात. आवाज कपाटाच्या फळीवर आपटून येतो. मालिकेतलं पार्श्वसंगीत दणदणीत आणि संवाद पुटपुटल्यासारखे, ही तक्रार साठीच्या पुढच्या प्रत्येक घरात आहे. पहिला फुकटचा उपाय : आवाजाच्या सेटिंगमध्ये 'क्लिअर व्हॉइस', 'डायलॉग' किंवा 'न्यूज' असं काहीतरी असतं, ते लावा. त्याने भागलं नाही तर छोटा साउंडबार. तो जोडायला टीव्हीवर 'एआरसी' लिहिलेलं एचडीएमआयचं भोक आहे ना, एवढं घेताना बघा, म्हणजे आवाज टीव्हीच्याच रिमोटने कमी-जास्त होतो. दोन रिमोटांचा संसार तुमच्या वयात नको.

प्रश्न : काका, लग्नानंतर पहिला टीव्ही घेतोय. ५५ इंची, बजेट ४५ हजार. हॉल आणि किचन एकच आहे. वेब सिरीज आणि क्रिकेट. क्यूएलईडी, एचडीआर, २४० मोशन रेट, डॉल्बी... सगळ्यांवर सगळं लिहिलेलं आहे. यातलं काय खरं?
*— आयटीतली दोघं, पिंपरी*

खोक्यावरचं सगळं खरं असतं. फक्त तुमच्या उपयोगाचं किती, एवढाच प्रश्न.

क्यूएलईडी नावाने गोंधळू नका. आतला कारभार साध्या एलईडी टीव्हीचाच : मागे दिव्यांच्या पट्ट्या, पुढे एलसीडीचा पडदा. मध्ये एक खास थर घातलेला असतो, त्याने रंग जास्त भरतात. रंग चांगले, पण अंधार तितकाच राखाडी, कारण मागचा दिवा चालूच. ओएलईडीत मागे दिवाच नसतो, प्रत्येक ठिपका आपला आपण उजळतो आणि विझतो, म्हणून काळं म्हणजे काळं दिसतं. त्याची किंमत तुमच्या बजेटाच्या पलीकडची, आणि दिवसभर वृत्तवाहिनी लावून ठेवणाऱ्या घरात खालची पट्टी पडद्यावर कायमची उमटायची भीती. तुम्हाला ती आत्ता नाही, पण सासरे राहायला आले की आहे.

एचडीआर म्हणजे उजेड आणि अंधार यांतला फरक जास्त ठळक दाखवणारं चित्र. खोक्यावरची ती खूण म्हणजे तसलं चित्र टीव्हीला वाचता येतं. दाखवता येतं असं नाही. त्यासाठी पडद्याला उजेड लागतो, आणि या किमतीतले बरेच टीव्ही २५० ते ३५० निट्सपर्यंतच (निट म्हणजे पडद्याचा उजेड मोजायचं माप) जातात. 'मोशन रेट २४०' हा कंपनीचा स्वतःचा हिशेब आहे. तुम्ही एवढंच विचारा, "पॅनेल किती हर्ट्झचं?" म्हणजे पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो. उत्तर बहुधा ६० येईल. क्रिकेटला आणि सिरीजला ६० पुरतं. गेमिंगचं वेड असेल तरच १२० हर्ट्झ आणि एचडीएमआय २.१ शोधा.

मी तुमच्या जागी असतो तर खोक्यावरचे शब्द सोडून एक गोष्ट बघितली असती : टीव्ही तिरका कसा दिसतो. तुम्हीच लिहिलंय, हॉल आणि किचन एकच. म्हणजे एक जण सोफ्यावर समोर बसणार आणि दुसरा ओट्याशी पोळ्या लाटत कोपऱ्यातून बघणार. पडदे मुख्यतः दोन जातीचे. व्हीए पॅनेल समोरून सुरेख, अंधार छान, पण बाजूला सरकलात की रंग उडतात. आयपीएस पॅनेल बाजूनेही रंग धरून ठेवतं, मात्र रात्री दिवे घालवून बघाल तर काळा रंग जरा धुरकट. दुकानात टीव्हीसमोर उभे राहा, मग चार पावलं डावीकडे चालत जा आणि पडद्यावरच्या माणसाच्या गालाकडे बघत राहा. गाल पांढरे पडत गेले की ते व्हीए. पोळ्या कोण लाटतं ते मला माहीत नाही, पण त्या व्यक्तीला दुकानात सोबत न्या.

अजून एक. दुकानातला टीव्ही 'व्हिव्हिड'वर असतो, ट्यूबलाइटच्या लखलखाटात उठून दिसावा म्हणून. रिमोट मागून घ्या, चित्र 'स्टँडर्ड' किंवा 'सिनेमा'वर आणा. तुमच्या पेन ड्राइव्हवर एखाद्या घरगुती कार्यक्रमाचा व्हिडिओ न्या, रात्रीच्या मांडवातला, माणसं सावळी-गोरी सगळ्या रंगांची असलेला. काश्मीरची फुलं प्रत्येक टीव्हीवर छान दिसतात. आपली माणसं कशी दिसतात ते बघायचं.

मेमरी विचाराच. २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण असेल तर सहसा अडत नाही. १ जीबीवाला टीव्ही पहिल्या दिवाळीला पळतो, तिसऱ्या दिवाळीला रिमोट दाबून चहा करून यावं लागतं. आणि टीव्ही चालवणारी प्रणाली गूगल टीव्ही, टायझन, वेबओएस यांपैकी कोणती आहे ते विचारा. नुसतं "स्मार्ट आहे, अँड्रॉइड आहे" एवढ्यावर भागवणाऱ्या अनोळखी नावांत कधीकधी गूगलची मान्यता नसलेली अँड्रॉइड घातलेली असते, मग हवं ते ॲप नीट चालत नाही. तरी त्यासाठी टीव्ही टाकायची गरज नाही. पडदा चांगला असेल तर एचडीएमआयला स्ट्रीमिंग स्टिक लावून काम होतं. पडदा वाईट असेल तर कुठलीच स्टिक त्याला वाचवत नाही.

प्रश्न : जीएसटी उतरला म्हणतात. मग ३२ इंचीचा भाव तसाच कसा?
*— किराणा दुकानदार, बार्शी*

कारण उतरला तो ३२ इंचांच्या वरच्या टीव्हींवर. २२ सप्टेंबर २०२५ पासून त्यांचा कर २८ टक्क्यांवरून १८ वर आला. ३२ आणि खालचे आधीपासूनच १८त होते. कर सोडून २५ हजार किमतीचा ४३ इंची पूर्वी ३२ हजारांना पडायचा, आता २९,५०० ला. अडीच हजारांचा फरक. तुम्ही दुकानदार आहात, "जुना स्टॉक आहे हो" हे वाक्य तुम्हाला मी कशाला समजावू? बिलावर कराचा टक्का वाचा म्हणजे झालं.

प्रश्न : गुहागरजवळ आमचं घर डोंगरउतारावर आहे. मेमध्ये वळवाच्या पावसात टीव्ही गेला. त्याआधीचाही असाच गेला होता. नव्याला स्टॅबिलायझर घेऊ का? कोणता?
*— आंबा बागायतदार*

स्टॅबिलायझर घेऊ नका. वीज पडून टीव्ही जातो तेव्हा स्टॅबिलायझरही त्याच्याबरोबर सती जातो.

टीव्हीच्या पाठीवरची पाटी वाचा. बहुतेक टीव्हींवर '१००-२४० व्होल्ट' असं छापलेलं असतं. आतला पॉवर सप्लाय कमी-जास्त दाब स्वतःच पचवतो. स्टॅबिलायझर ही आपल्या जुन्या डब्ब्या टीव्हीच्या काळातली सवय, दुकानदार अजून गळ्यात मारतात. तुमचा शत्रू कमी दाब नव्हे, क्षणभराचा जबरदस्त धक्का.

आणि तो धक्का कुठून येतो? गेल्या ऑक्टोबरात परतीच्या पावसात गेलेला एक टीव्ही माझ्या टेबलावर आला. मालक शपथेवर सांगत होता, "मी प्लग काढून ठेवला होता." खरंच काढला होता. बोर्ड भिंगाखाली धरला. पॉवरची बाजू कोरी करकरीत. पण एचडीएमआयच्या भोकाला लागून जी चिप असते तिच्या पाठीवर मोहरीएवढा खड्डा, आणि भोवती काजळी. टीव्हीचा प्लग काढलेला, पण सेटटॉप बॉक्स चालू होता, आणि बॉक्सला जोडलेली केबल खांबाखांबावरून दोन वाड्या ओलांडून आलेली. वीज कुठेतरी जवळपास पडली, धक्का केबलीतून बॉक्समध्ये, बॉक्समधून एचडीएमआयने टीव्हीत. पुढचं दार लावलं, मागचं उघडं राहिलं.

तेव्हा गडगडायला लागलं की प्लग काढायचा आणि केबलची वायरही बॉक्सवरून फिरवून काढायची. छतावर डिश असली तरी तेच. ब्रॉडबँडची तांब्याची वायर थेट टीव्हीला लावली असेल तर तीही. गडगडाट डोक्यावर आल्यावर मात्र वायरींना हात लावायला जाऊ नका, टीव्हीपेक्षा तुम्ही महाग आहात. बाहेर जाताना, रात्री निजताना काढून ठेवायची सवय मे, जून आणि ऑक्टोबरात लावून घ्या. चांगला सर्ज गार्ड लावा, पण घराचं अर्थिंग धड असेल तरच त्याचा उपयोग, कारण धक्का जमिनीत सोडायला वाटच नसेल तर तो गार्ड नुसता खोका. बागेला जीवामृत घालता तसं अर्थिंगच्या खड्ड्यालाही उन्हाळ्यात पाणी घालत जा. आणि वॉरंटी विजेच्या तडाख्याला सहसा लागू होत नाही, कार्डावर बारीक अक्षरात असतं ते वाचा.

कोकणातल्या वाचकांसाठी अजून एक. पावसाळ्यात ओल येणाऱ्या बाहेरच्या भिंतीला टीव्ही चिकटवून लावू नका, मागे चार बोटं हवा खेळू द्या. उबेला पाली आणि मुंग्या येतात. पूर्वी मुंग्या पडद्यावर दिसायच्या, अँटेना फिरवली की जायच्या. आता खऱ्या मुंग्या बोर्डात शिरतात आणि काही फिरवून जात नाहीत.

प्रश्न : चार वर्षांचा ४३ इंची टीव्ही. आवाज येतो, पडदा काळा. सर्व्हिसवाला म्हणाला, पॅनेल गेलं, १४ हजार. त्यापेक्षा नवीन घ्यावा असं मुलगा म्हणतो.
*— एसटीतून निवृत्त, सांगली*

थांबा. आज रात्री खोलीतले दिवे घालवा, टीव्ही चालू करा आणि बॅटरीचा झोत पडद्याला अगदी जवळून, तिरका मारा. झोताच्या कडेला माणसांच्या सावल्यांसारखं पुसट चित्र हलताना दिसलं का? दिसलं तर पॅनेल बहुतेक जिवंत आहे, मागचे दिवे गेलेत.

त्या दिव्यांच्या पट्ट्यांवर छोटे छोटे एलईडी एकामागोमाग जोडलेले असतात, पूर्वीच्या गणपतीच्या माळेसारखे. एक उडाला की रांग बंद. कधी दिवे नसून त्यांना वीज देणारा भाग गेलेला असतो. पट्टी पॅनेलच्या मानाने फारच स्वस्त. जोखीम वेगळीच आहे : तिथे पोचायला काचेचं पॅनेल अख्खं उचलून बाजूला ठेवावं लागतं, पापडासारखं, दोन माणसांनी. हात चुकला की मग खरोखर १४ हजारांचं काम. म्हणून कारागिराला आधीच विचारा, "उचलताना फुटलं तर कुणाचं?" जो हे विचारल्यावर चिडत नाही, त्याला काम द्या. सगळ्या पट्ट्या एकदम बदलून घ्या, गेलेली एकच नको, नाहीतर सहा महिन्यांनी शेजारची जाते.

झोतात काहीच दिसलं नाही, किंवा पडद्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा असतील, तर मुलाचं ऐका.

आणि दुरुस्त झाल्यावर बॅकलाइट १०० वर ठेवू नका. घरात ६०-७० वर डोळ्यांना काही कमी वाटत नाही. बहुतेक पट्ट्या लोक 'व्हिव्हिड'वर पाच-पाच तास जाळूनच संपवतात. नव्या टीव्हीलाही हेच.

प्रश्न : भाऊ, गावात केबल नाही आणि महिन्याचा रिचार्ज नको आहे. कमी खर्चात काय करता येईल?
*— शेतकरी, मूल तालुका, जि. चंद्रपूर*

डीडी फ्री डिश. छत्री आणि बॉक्स एकदा घ्यायचा, महिन्याचं भाडं नाही. सह्याद्री येतं, बातम्या येतात. नवीन टीव्ही घेणारच असाल तर आत सॅटेलाइट ट्यूनर असलेला मिळतो का विचारा. छत्रीची वायर सरळ टीव्हीच्या पाठीत लागते, बॉक्सही वाचतो आणि दुसरा रिमोटही. चित्र बहुतांशी एसडी, म्हणून वरचा तिनाचा भागाकार तुमच्यासाठी. ३२ इंचीच्या वर जाऊ नका. हे तुमचं बजेट कमी म्हणून सांगत नाही, लखपती असतात तरी हेच सांगितलं असतं.

प्रश्न : ऑनलाइन स्वस्त मिळतो, दुकानात दोन हजार जास्त. कुठून घ्यावा? आणि भिंतीवर किती उंच लावावा?
*— गृहिणी, कल्याण*

कल्याणला असाल तर कुठूनही घ्या, सर्व्हिसवाला दुसऱ्या दिवशी दारात येईल. हाच प्रश्न मंडणगडहून आला असता तर उत्तर बदललं असतं. घेण्याआधी त्या कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन लावायचा, आपला पिन कोड सांगायचा आणि विचारायचं, माणूस कुठून येतो, किती दिवसांत. "सर, तुमच्या भागात सेवा उपलब्ध आहे" याच्या पुढे जाऊन गावाचं नाव काढून घ्या. माझ्याकडे एक जण आले होते, त्यांच्या वॉरंटीतल्या टीव्हीसाठी माणूस कोल्हापूरहून येणार होता. पावसात घाट बंद, मग माणूस सुट्टीवर, मग पार्ट नाही. पावणेदोन महिने. तोवर वॉरंटीच संपली. (संपली तरी तक्रार वॉरंटीतली होती, म्हणून त्यांनी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. तक्रार क्रमांक आणि तारखा जपून ठेवलेल्या होत्या, म्हणून पुढे सरकलं.)

ऑनलाइन मागवलात तर खोकं आणणाऱ्यासमोर उघडा, चालू करून बघा, मोबाइलवर सलग व्हिडिओ घ्या. पडदा फुटका निघाला तर नंतर "तुमच्याकडूनच धक्का लागला" हे ऐकावं लागतं. भिंतीच्या ब्रॅकेटचे वेगळे पैसे आहेत का तेही आधी वाचा, दोन हजारांतले काही तिथेच जातात.

उंची : बसल्यावर डोळे जिथे येतात तिथे पडद्याचा मध्य. जमिनीपासून साधारण ४० ते ४२ इंच. लॉजच्या रिसेप्शनमध्ये असतो तसा दाराच्या चौकटीवर चढवू नका, मान धरते.

आता हे लिहिणाऱ्या माझ्या स्वतःच्या दुकानात टीव्ही सहा फुटांवर आहे. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी बाजारपेठेत शिरलं तेव्हा माझ्याकडे दुरुस्तीला आलेले गिऱ्हाइकांचे अकरा टीव्ही होते. सगळ्यात वरच्या फळीवरचे दोन वाचले. त्यानंतर चिपळुणात तळमजल्यावर कुणी ब्रॅकेट लावायला बोलावलं आणि म्हणालं, "जरा वरच घ्या", तर मी मानेचं शास्त्र सांगत बसत नाही.

प्रश्न : मुलगा न्यू जर्सीहून परत येतोय. तिकडचा ६५ इंची टीव्ही सामानात आणू का विचारतो.
*— ठाणे*

नको म्हणावं. तिकडच्या कितीतरी टीव्हींवर '१२० व्होल्ट' असतं, इथे लावला की एका ठिणगीत कार्यक्रम आटोपतो. चाललाच तरी वॉरंटी तिकडची, पार्ट तिकडचे. त्यापेक्षा त्याला सुतळी मोजायला सांगा, ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ६५ इंची म्हणजे पहिल्या रांगेचं तिकीट.

प्रश्न : आमच्याकडे सासऱ्यांनी घेतलेला ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही आहे, लाकडी कपाटाचा, पुढे सरकती शटरं असलेला. नवीन घेताना एक्स्चेंजमध्ये त्याचे काहीच देत नाहीत. भंगारवाला आतली काचेची नळी (पिक्चर ट्यूब) फोडून तांबं काढून नेतो म्हणतो.
*— दापोली*

भंगारवाल्याला हात लावू देऊ नका. त्या नळीच्या काचेत शिसं असतं, फोडली की अंगणात, मातीत. शिवाय बंद टीव्हीच्या नळीतही बराच काळ झटका साठून राहू शकतो. मी १९८४ साली पहिल्याच आठवड्यात तो खाल्लाय, टेबलाच्या या बाजूचा त्या बाजूला गेलो होतो. ई-कचरा घेणाऱ्या नोंदणीकृत केंद्राकडे अख्खाच द्या, नाहीतर एखाद्या जाणत्या कारागिराकडून नळी आणि बोर्ड काढून घेऊन तेवढेच द्या.

कपाट मात्र ठेवा. माझ्या माळ्यावर असंच एक आहे, सागवानी, पण त्याचं उजवं शटर अर्ध्यावर अडकतं ते कितीही मेण लावलं तरी पुढे येत नाही. तुमची दोन्ही सरकत असतील तर खाचेचा जवळून एक फोटो पाठवा. आत लाकडाचीच पट्टी आहे की पत्र्याची, एवढं मला बघायचंय.